आतून धरलास का?

मी एक जुना ओळंबा आहे. पितळेचा, भोवऱ्याच्या घाटाचा. वर दोरी ओवायला भोक, खाली अणकुचीदार टोक. वजन अर्ध्या किलोला थोडे कमी. दोरीला लटकायचे, हेलकावे थांबले की गप्प राहायचे आणि सरळ म्हणजे काय ते दाखवायचे, एवढेच माझे काम. मित्रांनो, यात माझी हुशारी काही नाही. ओढते पृथ्वी, नाव होते माझे. भिंत सरळ असली की गवंडी म्हणतात, "ओळंब्यात आहे." नसली की म्हणतात, "ओळंब्याबाहेर गेली." माणसांनाही हीच भाषा लावायला हवी होती. पण माणसाला दोरी कुठे बांधायची, हे अजून कोणाला ठरवता आलेले नाही.

माझा जन्म एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. त्याला त्या दिवशी दाराच्या कड्या ओतायच्या होत्या. रस थोडा उरला, त्यातून मी झालो. मला घ्यायला आलेला गवंडी मला बराच वेळ दोरीला टांगून बघत राहिला.

"टोक अगदी मधोमध आहे ना?" त्याने विचारले.

"नसलं तर परत आण," ओतारी म्हणाला.

"आणि भिंत? तीही परत आणू?"

ओताऱ्याने कानस उचलली आणि मला आणखी तासभर घासले.

गवंड्याने माझ्यासाठी एक चौकोनी लाकडी ठोकळा केला, बरोबर माझ्या पोटाच्या रुंदीइतका. ठोकळ्याच्या मधल्या भोकातून दोरी जायची. ठोकळा वर भिंतीला टेकवायचा आणि मला खाली सोडायचे. माझे पोट भिंतीला जेमतेम लागले की भिंत ओळंब्यात. मी भिंतीवर रेललो किंवा मध्ये फट राहिली, तर भिंत चुकली. पट्टी नको, आकडा नको. ती पद्धत मला फार आवडायची. आकडे नंतर आले आणि आकड्यांच्या मागोमाग वकिली आली.

माझे पहिले मोठे काम म्हणजे शहराचे सूतिकागृह. तोवर बायका घरीच बाळंत होत आणि त्यांतल्या बऱ्याच मरत. म्हणून नगरपालिकेने दगडी इमारत बांधायला घेतली. एकच उंच मजला, मध्ये लांबलचक दालन, अठरा फूट भिंती. जमीन भुसभुशीत होती. त्यामुळे भिंत तळाशी तीस इंच जाड धरली आणि वर नेत नेत एकवीस इंचांवर आणली. हा नऊ इंचांचा फरक सगळा बाहेरच्या अंगाने घेतला. आतली बाजू उभी, ओळंब्यात. बाहेरची बाजू वर जाताना आत झुकत गेलेली.

दगड घडवणाऱ्या पाथरवटाला ते काही रुचले नाही. "काय हो, बाहेरून भिंत तिरकी चाललीय. लोक हसतील आपल्याला."

"गर्दीत धक्काबुक्की झाली तर तू पाय जोडून उभा राहतोस का फाकवून?" गवंड्याने विचारले.

"फाकवून."

"मग भिंतीला काय तुझ्यापेक्षा कमी अक्कल आहे?"

आतल्या बाजूला मी एकटा पुरत होतो. बाहेरच्या बाजूसाठी गवंड्याने सहा फुटांची एक फळी तासून घेतली होती. खालच्या टोकाला ती चार इंच रुंद, वरच्या टोकाला सात. एक कड तिरकी, एक सरळ. तिरकी कड भिंतीला लावायची आणि सरळ कडेवर मला सोडायचे. मी सरळ कडेला लागलो की समजायचे, भिंत जेवढी झुकवायची ठरली होती तेवढीच झुकली आहे. म्हणजे बाहेरच्या बाजूला ती फळी मध्ये असली तरच माझ्या सांगण्याला अर्थ होता. मित्रांनो, एवढे ध्यानात ठेवा. पुढचा सगळा घोळ याच्यावरून झाला.

काम संपल्यावर ती फळी जळणात टाकायचे गवंड्याच्या जिवावर आले. त्याने ती सूतिकागृहाच्या कपड्यांच्या खोलीत मांडणी म्हणून ठोकून दिली. मांडणी कसली, चेष्टाच ती. एका टोकाला डबा बसायचा, दुसऱ्या टोकाला वाटीसुद्धा नाही.

त्या गवंड्याबरोबर मी तीस वर्षे काढली, त्याच्या मुलाबरोबर आणखी पंचवीस. नंतर बुडबुड्याच्या पट्ट्या आल्या, मग लाल किरण सोडणारी यंत्रे आली. माझी दोरी कुजली. गवंड्याचा नातू भिंती बांधायच्या सोडून भिंतींचे नकाशे काढू लागला. नगरपालिकेच्या नकाशा विभागात त्याने चौतीस वर्षे नोकरी केली आणि सगळे त्याला नकाशेबुवा म्हणू लागले. त्याच्या टेबलावर मी कागद उडू नयेत म्हणून बसायचो. ज्याने भिंती उभ्या करताना साक्ष दिली, त्याने आता पंख्याच्या वाऱ्याशी भांडायचे. पण तक्रार कोणाकडे करणार? निदान रोज हात तरी लागत होता.

नकाशेबुवांची मुलगी लहानपणी मला फरशीवर भोवऱ्यासारखे फिरवायची. मोठी होऊन ती आर्किटेक्ट झाली. तिने मला घासूनपुसून लखलखीत केले, नवी दोरी ओवली आणि जुन्या ठोकळ्यासकट आपल्या पिशवीत ठेवले. तिच्या पहिल्या मुलाखतीबरोबर वर्तमानपत्रात माझाही फोटो छापून आला: "पणजोबांचा ओळंबा पणतीच्या हाती." मला फार बरे वाटले. स्तुतीने कोणाचे डोके फिरत नाही? लटकणाऱ्याचेसुद्धा फिरते.

ती शहरातल्या सर्वांत मोठ्या कचेरीत कामाला लागली. तिथल्या प्रमुखांना सगळे मोठे सर म्हणत. मोठे सर आर्किटेक्टांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. शहरातल्या जुन्या इमारती ठेवायच्या की पाडायच्या, हे ठरवणाऱ्या वारसा समितीचे ते तज्ज्ञ सदस्यही होते. जुन्या इमारतींवर ते इतके सुंदर बोलत की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येई. ते पाणी कधी कोणत्या इमारतीच्या कामी आल्याचे मात्र मी पाहिले नाही.

सूतिकागृह बंद होऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. त्या जागी गाड्या ठेवायला तीन मजले आणि त्यांच्यावर दुकानांचे संकुल करायचे घाटत होते. इमारत पाडायची तर समितीची परवानगी हवी आणि परवानगीसाठी इमारतीच्या प्रकृतीचा अहवाल हवा. तो अहवाल मोठ्या सरांच्या कचेरीकडे आला आणि मोठ्या सरांनी तो नकाशेबुवांच्या मुलीकडे दिला.

शुक्रवारी दुपारी अडीच वाजता ती तिथे पोहोचली. मुख्य दाराला कुलूप. किल्ली सूतिकागृहाच्या जुन्या आयाबाईकडे असायची आणि आयाबाई सोमवारपर्यंत मुलीच्या घरी गेली होती. अहवाल शनिवारी द्यायचा होता. तिने मोठ्या सरांना फोन लावला.

"बाहेरून घे आणि ये," ते म्हणाले. "भिंत भिंतच असते. आतून वेगळी असते का?"

कचेरीतले किरणांचे यंत्र दुसऱ्या कामावर गेले होते. तिने पिशवीतून मला काढले. मागच्या बाहेरच्या जिन्याने गच्चीवर चढून तिने कठड्यावरून एक काठी बाहेर काढली, काठीला माझी दोरी बांधली आणि मला बाहेरच्या अंगाने खाली सोडले. दोरीपासून भिंत वर किती लांब आहे ते मोजले, मग खाली येऊन तळाशी मोजले. वर बारा इंच, खाली तीन. रस्त्याच्या बाजूला तीन ठिकाणी आणि मागच्या बाजूला दोन ठिकाणी मापे घेतली. पाचही ठिकाणी नऊ इंचांचा फरक, पाव इंच इकडे किंवा तिकडे.

समोरासमोरच्या दोन भिंती, दोघी आत झुकलेल्या आणि दोघी बरोबर नऊ इंच. पडायला आलेल्या भिंती अशा ठरवून, एका मापाने पडत नाहीत. एवढा सारखेपणा पाहून मोजणाऱ्याला शंका यायला हवी होती. तिला समाधान वाटले. मापे जुळली होती ना! शिकलेल्या माणसाला जुळलेल्या आकड्यांचा फार आनंद होतो.

खरे सांगायचे तर आणखी एक गोष्ट होती. ही भिंत आपल्या पणजोबांनी बांधली हे तिला माहीत होते. वहीत आकडे उतरवताना तिचा हात क्षणभर थांबला. मग ती पुटपुटली, "घरची म्हणून सूट नाही द्यायची." आणि तिने लिहिले: भिंती ओळंब्याबाहेर, वरच्या टोकाला नऊ इंच आत. प्रामाणिकपणाच्या भरात तिने पणजोबांना आरोपी केले. ज्याच्या साक्षीने केले, तो मी. मी एक अक्षर खोटे सांगितले नव्हते. फक्त मला फळी न लावता बाहेरून धरले होते आणि मी लटकलो होतो. मला जिथे धराल तिथलेच मी सांगतो.

मोठ्या सरांनी तिच्या अहवालात एकच शब्द घातला. "धोकादायक." खाली तिची सही होती.

आठ दिवसांनी ही बातमी छापून आली. नकाशेबुवांनी ती चष्मा वर-खाली करत दोनदा वाचली. मुलगी बूट घालून निघण्याच्या तयारीत होती.

"ही मापं तू घेतलीस?"

"हो. सांगणार होते बाबा, पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाईट राहू दे. आतून धरलास का?"

"काय?"

"ओळंबा. आतून धरलास का?"

तिने एक बूट काढला, मग दुसराही काढला आणि तिथेच खाली बसली. नंतर नकाशेबुवा म्हणाले, "चल, मी येतो. शिडी धरायला कोणीतरी लागेल तुला."

आयाबाई परत आली होती. तिने कुलूप उघडले. तिच्या आयुष्यातली एकतीस वर्षे त्या दालनात गेली होती. रिकाम्या दालनात आमच्या पावलांचा आवाज मागून आल्यासारखा यायचा.

"धोकादायक म्हणे!" आयाबाई नकाशेबुवांना म्हणाली. "अहो, एवढ्या बायका इथं किंचाळल्यात. पडायचीच असती तर ही भिंत कधीच पडली असती. माझे कान पडले, पण भिंत नाही पडली."

मुलगी शिडीवर चढली. तिने ठोकळा भिंतीला टेकवला आणि मला सोडले. मी हेलकावे खाल्ले. सावकाश थांबलो. माझे पोट भिंतीला लागले. जेमतेम. झोपलेल्या बाळाच्या गालाला बोट लावून बघावे, तसे. आम्ही सात जागी बघितले. सातही जागी तसेच. एकशे आठ वर्षांनीसुद्धा ती भिंत जिथे उभी राहायला सांगितली होती, तिथेच उभी होती.

"आतून उभी, बाहेरून उतरती," नकाशेबुवा खालून म्हणाले. "आजोबा सांगायचे, पाय फाकवून उभी आहे म्हणून. फळी कुठंतरी असायला हवी."

"कसली फळी?" आयाबाईने विचारले. "कपड्यांच्या खोलीत एक नतद्रष्ट मांडणी आहे, तिच्यावर काही म्हणून राहत नाही. ती तर नव्हे?"

तीच होती. खालच्या टोकाला चार इंच, वरच्या टोकाला सात. बाहेर नेऊन तिची तिरकी कड भिंतीला लावली आणि मला सरळ कडेवर सोडले. मी लागलो. मुलगी रडली नाही. तिने वहीवर तारीख घातली आणि खाली लिहिले: चूक माझी.

मित्रांनो, इथेच ही गोष्ट संपायला हवी होती. चूक झाली, सापडली, कबूल केली. शाळेच्या पुस्तकात असेच असते. पण सुनावणीला तेरा दिवस उरले होते आणि पुस्तकाबाहेर तेरा दिवस फार लांब असतात.

दुसऱ्या दिवशी तिने मला मोठ्या सरांच्या टेबलावर ठेवले.

"सर, मला अहवाल मागे घ्यायचाय."

"माप चुकलंय?"

"नाही. माप बरोबर आहे. अर्थ चुकलाय."

"अर्थ लावायला समिती आहे. आपण फक्त माप दिलं."

"'धोकादायक' हा शब्द मापात नव्हता, सर. तो तुम्ही घातलात."

"अगं, नऊ इंच कललेल्या भिंतीला दुसरं काय म्हणायचं? सुदृढ बालक?"

"कललेली नाहीये ती. तशीच बांधलीय. तुम्हाला हे माहीत असणार, सर. तुम्ही तर यावर व्याख्यानं देता."

मोठ्या सरांनी मला उचलून हातात घोळवले. "हे बघ. आपण नकाशे काढणारी माणसं. मोर्चे काढणारी वेगळी."

"डॉक्टरनं चुकीचं निदान केलं आणि कळल्यावरही तो गप्प बसला, तर त्याला काय म्हणाल?"

"यशस्वी," ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

ती हसली नाही. मीही हसलो नाही, पण माझ्याकडून कोणी अपेक्षाही केली नसेल. मला एक गोष्ट ठाऊक होती, जी तिला ठाऊक नव्हती. दोन महिन्यांपूर्वी याच टेबलावर तीन मजली वाहनतळाचा आणि दुकानांचा नकाशा पसरला होता आणि त्याचा कोपरा वळू नये म्हणून तिच्या टेबलावरून उचलून त्यावर मलाच ठेवले होते. अहवाल लिहायच्या आधीच कागदावर इमारत पाडून झाली होती. ओळंब्याला वाचता येत नाही, असे सगळे धरून चालतात.

तिने समितीला पत्र लिहिले. पत्र कचेरीच्या कागदावर नव्हते, म्हणून त्याची नोंद "वैयक्तिक मत" अशी झाली. त्याच आठवड्यात तिने नोकरी सोडली. मग संघटनेच्या एकेका सभासदाच्या दारात ती गेली. "तुम्ही फक्त सुनावणीला या आणि अशी भिंत असते एवढं सांगा," असे तिने सगळ्यांना विनवले. सगळे म्हणाले, येतो. आणि मित्रांनो, ते आले, हे मी कबूल करतो. सभागृहात तिसऱ्या आणि चौथ्या रांगेत अकरा आर्किटेक्ट बसले होते. मी मोजले, कारण तिने मला समितीसमोरच्या टेबलावर ठेवले होते. शेजारी ती फळी होती.

ती सहा मिनिटे बोलली. चूक कुठे झाली, आतून काय दिसले, फळी कशासाठी असते, सगळे सांगितले. शेवटी म्हणाली, "इमारत इथून चालत पंधरा मिनिटांवर आहे. आपण सगळे आत्ता जाऊ. मी ओळंबा धरते, तुम्ही डोळ्यांनी बघा."

समितीच्या अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले. नगर अभियंत्यांनी पहिला अहवाल उघडला.

"ही सही तुमचीच ना?"

"हो."

"यातली मापं खोटी आहेत?"

"नाही. पण..."

"मग तेव्हाच्या तुमच्यावर विश्वास ठेवायचा का आत्ताच्या तुमच्यावर?"

हशा पिकला. मग मोठे सर बोलले. अतिशय मायेने बोलले. "मुलगी गुणी आहे. माझ्याच हाताखाली तयार झालीय. पण ही भिंत तिच्या पणजोबांनी बांधलेली. माणूस भावनिक होणारच. आपण तिला दोष देऊ नये."

जिने घरची म्हणून सूट दिली नव्हती, तिला घरची म्हणून बाजूला सारले. इतके बेमालूम काम मी कोणत्याही गवंड्याच्या हातून पाहिलेले नाही.

अध्यक्षांनी विचारले, "आणखी कोणाला काही म्हणायचंय?"

अकरा माणसे. त्या अकराही जणांना उतरती भिंत म्हणजे काय ते माहीत होते. परीक्षेत त्यांनी ती काढली होती. एकाने खिशातला फोन पाहिला. एकाने दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगितले. तिसऱ्या रांगेतून एक बाई अर्धवट उठल्या. मला वाटले, आता. त्यांनी खुर्चीवरचा पदर सारखा केला आणि त्या बसल्या.

शेवटच्या रांगेतून आयाबाई उभी राहिली. "मला बोलायचंय. मी एकतीस वर्षं..."

"आपण तांत्रिक बाबींवर बोलतोय, बाई," अध्यक्ष म्हणाले.

पाडायचा ठराव चार विरुद्ध एक असा झाला. विरोधातले एक मत कोणाचे, हे मला कधी कळले नाही. मोठ्या सरांचे नव्हते. त्यांचा हात मी पाहिला.

बाहेरच्या व्हरांड्यात अकरांपैकी एक तिच्याजवळ आला. "मस्त बोललीस. शंभर टक्के बरोबर होतं तुझं."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"अगं, पुढच्या महिन्यात माझा नकाशा त्यांच्याच टेबलावर जायचाय. तुझं बरंय, तू नोकरी सोडलीस."

नकाशेबुवा तिथेच उभे होते. ते हळूच म्हणाले, "ओळंबा बाहेरूनच धरायचा असतो, नाही का हो?" त्या गृहस्थाला ते समजले की नाही कोण जाणे. तो नमस्कार करून निघून गेला.

मी आणि ती फळी समितीकडेच राहिलो. पुरावा म्हणून जमा झालेली वस्तू परत मागायला अर्ज लागतो. तिने चार अर्ज केले. एकाचेही उत्तर आले नाही. पुढचे मला नगरपालिकेच्या कारकुनांच्या बोलण्यातून कळले, ते जसे ऐकले तसे सांगतो.

पडायला आलेली ती इमारत पाडायला दोन दिवस लागतील, असा अंदाज होता. एकोणीस लागले. यंत्राचे दोन दात तुटले. यंत्र चालवणारा पाचव्या दिवशी खाली उतरून ओरडला, "धोकादायक कोण म्हणालं होतं? त्याला आणा इथं, हिच्याशी कुस्ती खेळायला!" अकराव्या दिवशी रस्त्याकडच्या भिंतीचा अर्धा भाग कापल्यासारखा उतरला आणि उरलेल्या भिंतीची कापलेली कड सगळ्या रस्त्याला दिसली. तळाशी तीस इंच, वर एकवीस. एक बाजू सरळ सुतात, दुसरी उतरती. समोरच्या सायकल दुरुस्तीवाल्याने हातातले पान्हे खाली ठेवले आणि शेजारी उभ्या असलेल्या नकाशेबुवांना तो म्हणाला, "अहो, ही तर आतून सरळ आहे की!"

अकरा आर्किटेक्टांना जे उभे राहून म्हणता आले नाही, ते एका माणसाने उकिडवे बसून म्हटले. नकाशेबुवांनी खिशातला एक लिफाफा फाडून त्याच्या आतल्या कोऱ्या बाजूवर भिंतीचा तो छेद काढला, मापांसकट. दुसऱ्या दिवशी ती कडही उरली नाही.

मी आता कुठे आहे, ते सांगतो. सूतिकागृहाच्या जागी वाहनतळ झाला, दुकाने झाली. नकाशे अर्थातच मोठ्या सरांचे. प्रवेशदालनात एक कोपरा "जुन्या आठवणींचा" ठेवायची कल्पनाही त्यांचीच. माझ्यासाठी चार अर्ज पडले होते, तो मी त्यांच्या एका चिठ्ठीवर बाहेर आलो. फळी मात्र सापडली नाही. ती वेडीवाकडी होती, कोणाला कामाची वाटली नसेल.

सजावट करणारा तरुण मला भिंतीवर लावताना मागे सरकून बघत होता. "सरळ लटकवला तर हार्डवेअरचं दुकान वाटेल," तो म्हणाला. "जरा अँगल द्या."

मित्रांनो, त्यांनी मला तिरका चिकटवला आहे. दोरी वर खिळ्याला आणि मी डिंकासारखे काहीतरी लावून भिंतीवर आडवातिरका. खाली पितळी पाटी आहे: "गतकाळातील कारागिरीला आमचे विनम्र अभिवादन." येणारेजाणारे माझ्यासमोर उभे राहून फोटो काढतात. एवढी स्तुती मला आयुष्यात कधी मिळाली नव्हती.

गेल्या वर्षी नकाशेबुवांची मुलगी आली होती. आता ती एकटीच काम करते, जुन्या इमारती मोजते आणि शिकवते. बरोबर पाच-सहा विद्यार्थी होते. त्यांच्यातली एक विद्यार्थिनी कुठल्याशा जुन्या शाळेच्या भिंतीबद्दल उत्साहाने सांगत होती. माप घेतले, बाहेर झुकली आहे, अहवाल उद्या देणार, वगैरे.

"आतून धरलास का?" तिने विचारले.

ती विद्यार्थिनी वही उघडून मापे पुन्हा बघू लागली.

"उद्या सकाळी जा आणि धर. आणि जे दिसेल ते पहिल्याच दिवशी सांग, मोठ्यानं सांग. मी आठ दिवसांनी बघितलं आणि तेरा दिवस सांगत फिरले. तोवर सगळ्यांनी पहिला कागद वाचला होता."

मग तिने मला पाहिले. ती जवळ आली, तिचा हात वर गेला.

"मॅडम, हात लावायचा नाही," रखवालदार म्हणाला. "ती जुनी वस्तू आहे."

"माहितेय," ती म्हणाली. "तिरकी लावलीय."

"तशीच असेल ती," रखवालदार म्हणाला. "मोठ्या लोकांनी लावलीय."

तिने हात खाली घेतला.

मित्रांनो, उपदेश करायचा मला अधिकार नाही. त्या भिंतीविरुद्ध पहिली साक्ष मीच दिली होती. तरी एक मागणे मागतो. तुमच्यापैकी कोणी मोठेपणी नकाशे काढाल, सह्या कराल, चौथ्या रांगेत बसाल. एखादी जुनी इमारत वाकडी आहे असे कोणी म्हणाले, तर सही करण्याआधी आत जा. किल्ली नसेल तर सोमवारपर्यंत थांबा. आणि भिंत सरळ निघाली, तर उभे राहून तसे म्हणा. भिंतीला स्वतःसाठी बोलता येत नाही. आयाबाईला बोलू देत नाहीत. तुम्हाला विचारतात, आणि तुम्हीच खुर्चीवरचा पदर सारखा करून बसता.

माझ्या डाव्या अंगाचा डिंक सुटू लागला आहे. दुपारी ऊन येते तेव्हा मला ते जाणवते. आज ना उद्या मी सुटेन, थोडा हेलकावेन आणि मग थांबेन. तेव्हा तुम्ही इथे असलात तर माझ्याकडे नका बघू, माझ्यामागच्या या नव्या भिंतीकडे बघा. मी सरळच लटकेन. दुसरे मला काही येत नाही.